यादीतले काशिराम नाखवा

काशिराम नाखवांना मी प्रत्यक्ष पाहिलं ते २०१३ सालच्या मोक्षदा एकादशीला. आवाज मात्र त्याच्या दोन वर्षं आधीपासून ओळखीचा होता. नवीन पनवेलला स्टेशनजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती, अकरा माणसांची. माझ्या शेजारच्या टेबलावर प्रांजल कोळी बसायची. ती उरणजवळच्या करंज्याची. दिवसातून एकदा तिचा फोन वाजायचा. वेळ रोज वेगळी. काल बारा, आज पाऊण, उद्या पावणेदोन. तिकडून एक माणूस एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारावी तसा बोलायचा, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू यायचं.

"पोरी, पानी फिरला. बारा पाच. वारा वरचा."

"बरं बाबा."

एवढंच. जेवलीस का नाही, घरी कधी येतेस नाही. प्रांजल संगणकावर काहीतरी टाकायची आणि पुन्हा कामाला लागायची. सुरुवातीला मी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "भरती-ओहोटीची वेळ सांगतात. सवय आहे त्यांची." मी म्हटलं, असेल. माझ्या सासूबाई रोज सकाळी तिथी-वार मोठ्यानं वाचतात, कुणी ऐको न ऐको. तसंच हेही.

मी तिथे टेस्टर होते. बाकीच्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम वापरून बघायचा, कुठे अडतो ते शोधायचं आणि लिहिणाऱ्याला परत द्यायचा. विचुंब्याहून मिनिडोर रिक्षानं यायचे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. प्रांजलचं काम परत पाठवायची वेळ क्वचित यायची. ती बोलायचीही तितकीच क्वचित.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचे मालक, कुमारसर, सगळ्यांना घेऊन बसले. जुनं काम एकतीस तारखेला संपणार होतं. नवं काम हॉलंडच्या एका कंपनीचं होतं, कंटेनरच्या जहाजांची वेळापत्रकं सांभाळायचं. पण त्यांना फक्त पाच प्रोग्रॅमर हवे होते आणि आमच्याकडे नऊ होते. उरलेल्या चौघांना नवीन वर्षात दुसरीकडे बघावं लागणार होतं. मी आणि ऑफिस सांभाळणारी रोशनी यातून बाहेर होतो, कारण आम्ही प्रोग्रॅम लिहीत नव्हतो.

पाच जण निवडायचे कसे, तेही हॉलंडवाल्यांनी ठरवलं होतं. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलं काम एका साइटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवतात. ज्या दिवशी काही लिहिलं त्या दिवशी तुमच्या नावासमोर एक हिरवा चौकोन उमटतो. दुसरी एक साइट हे सगळं वाचते आणि जिल्ह्याजिल्ह्याची क्रमवारी लावते. किती लिहिलं याला गुण, आणि एकही दिवस न चुकवता किती दिवस लिहिलं याला त्याहून जास्त गुण. हॉलंडवाले म्हणाले, तुमच्याकडचे रायगड-नवी मुंबईच्या यादीत वरती आहेत ते पाच पाठवा. शुक्रवारी, तेरा तारखेला, चार वाजेपर्यंत.

आमच्या ऑफिसचं काम बंद कपाटातलं. ते त्या साइटवर कधीच दिसत नसे. त्यामुळे जे इथे मान मोडून काम करत होते तेच यादीत तळाला होते. प्रांजल चौदाशे बारावी.

सगळ्यांत वर होता शैलेश. जिल्ह्यात दुसरा. चारशे दिवसांत एक खाडा नाही. सरांनी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मला सांगितलं, "रमाताई, याचं काम जरा उघडून बघा, हॉलंडला पाठवायच्या आधी." मी उघडलं. एका फाइलमध्ये एक स्वल्पविराम घातलेला, थोड्या वेळानं तोच काढलेला, दिवसातून सात वेळा. चारशे दिवस. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लावून ठेवला होता, तो हे आपोआप करायचा. स्वतः लग्नाला नगरला गेला होता त्या दिवशीही चौदा नोंदी.

सरांनी विचारलं, मी दिसलं ते सांगितलं. शैलेश म्हणाला, "सर, ती फक्त चाचणी होती. माझं खरं काम दुसऱ्या नावाखाली आहे."

"दाखव."

तो काही दाखवू शकला नाही. सरांचा चेहरा उतरला. रागावण्यापेक्षा ते दुखावले होते, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं. सोमवारी त्यांनी सांगून टाकलं, "यापुढे आकड्यांची आणि नावांची गोष्ट घेऊन कुणी माझ्याकडे आलं, तर त्याच दिवशी घरी जायचं. एकतीस तारखेची वाट बघायची नाही."

चार नावं ठरली. पाचवं, शैलेशचं, रिकामं राहिलं, कारण उरलेले सगळे यादीत हजाराच्याही खाली होते.

बुधवारी सकाळी सर केबिनमधून लॅपटॉप उघडाच हातात घेऊन बाहेर आले. "अरे, हा माणूस आपल्या नजरेतून सुटला कसा? काशिराम कोळी, उरण. जिल्ह्यात तिसरा. अकराशे सदुसष्ट दिवस, एक दिवस चुकलेला नाही. काम बघा, भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम आहे. जहाजवाल्यांना याहून काय हवं? प्रांजल, तू तिकडचीच ना? ओळखतेस का?"

प्रांजलचा हात माउसवर होता तो तिथेच राहिला. "ओळखते, सर."

"मग शुक्रवारी बोलव. दोनच्या आत. आवडला तर पाचवा तोच. त्याच दिवशी रुजू करून घेतो."

शैलेशची एकतीस तारीख ठरलेली होती, त्यामुळे त्याला आता कुणाची भीड नव्हती. सर आत गेल्यावर तो म्हणाला, "प्रांजल, गाववाल्याला जागा देतेयस ती तुझीच बरं का. स्टँडवर हार घेऊन जा."

आम्ही डबे उघडले तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"पोरी, पानी फिरला. बारा पंचावन. वारा वरचा."

"बरं बाबा."

तिनं डबा बाजूला सरकवून ती वेळ टाकली. इतक्या दिवसांत मी तिच्या पडद्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. वर नाव होतं काशिराम बुधाजी कोळी, आणि आजचा चौकोन पांढऱ्याचा हिरवा झाला.

"प्रांजल, हे तुझे बाबा?"

"हळू बोला, ताई."

आम्ही जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. तिनं सांगितलं ते असं. करंज्याला तिच्या वडिलांची होडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती वेळ ढोबळ. खाडीत आत किती उशीर होतो, वारा वरचा, म्हणजे उत्तरेचा, असला की पाणी किती आधी फिरतं, आश्विनात काय आणि माघात काय, हे काशिरामांच्या डोक्यात. प्रांजल डिप्लोमाला असताना तिनं ते सगळं एका प्रोग्रॅममध्ये घातलं. मग ते बरोबर येतं का हे बघायला वडील रोज धक्क्यावर उभे राहून पाणी फिरल्याची वेळ सांगू लागले, आणि ती रोज टाकू लागली. पुढे रत्नागिरीचे, वेरावळचे, कुठले कुठले लोक ते वापरायला लागले, आपापल्या बंदराच्या वेळा पाठवायला लागले. यादीबिदी तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

"आणि नाव त्यांचं का घातलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "मग कुणाचं घालणार? जाळं आई शिवते. मासळी आई विकते. होडीवर चुलतभाऊ असतात. पण होडी धक्क्याला लागली की लोक म्हणतात, काशिराम नाखवाची होडी लागली. नाव नाखवाचं, होडीच्या मालकाचं असतं, ताई. हिशेब सगळा त्यांचा आहे, मी नुसता लिहिला."

"मग हे सरांना सांग."

"काय सांगू? माझं खरं काम दुसऱ्या नावाखाली आहे?"

शैलेशचं वाक्य. जसंच्या तसं.

मग तीच म्हणाली, "एक करता येतं. बाबांचा तो ईमेल पत्ता माझ्या नावाला जोडला की सगळे दिवस माझ्याकडे येतात. पासवर्ड मलाच माहीत आहे, बाबांना नाही. दहा मिनिटांचं काम. यादी रोज सकाळी नवी लागते. शुक्रवारी मी तिसरी."

"मग?"

"मग यादीत काशिराम कोळी राहणार नाही."

ती जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिली. मला तिला सांगावंसं वाटलं, कर गं, तुझंच तर आहे. जिभेवर आलं होतं. पण दोन दिवसांपूर्वी मीच एका मुलाची स्वल्पविरामांची फाइल उघडून दाखवली होती. तिचं आणि त्याचं सारखं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी 'कर' म्हणवेना.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडून, पोथी वाचून ऑफिसला आले तोवर दहा वाजून गेले होते. प्रांजल आधीच आलेली. पडद्यावर तेच पान उघडं, पत्ता जोडायच्या रकान्यात वडिलांचा पत्ता लिहिलेला, फक्त बटण दाबायचं बाकी. तासभरानं पाहिलं तरी तसंच. तिनं मधे दुसरं काम केलं, पुन्हा त्या पानावर आली. जेवली नाही. मी मनात देवीचं नाव घेत होते आणि नेमकं काय मागावं ते ठरत नव्हतं.

पावणेदोनला फोन आला. "पोरी, पानी फिरला. एक पंचेचालीस. वारा पडला." नेहमीसारखा तो बंद झाला नाही. "उद्या येतंय मी. तुजा साहेब कशाला बोलवतो मना? काय चुकला का तुजा?"

"नाही बाबा. तुम्ही या. खरं असेल ते सांगा."

"खराच सांगनार. दुसरा काय येतंय मना."

तिनं वेळ टाकली आणि ते पान बंद केलं. रकान्यातला पत्ता तसाच पुसला गेला. इकडे मी माझा माउस उगाचच हलवत बसले.

शुक्रवारी दीडच्या एस.टी.नं काशिराम नाखवा आले. उन्हानं रापलेला, बारीक चणीचा माणूस, पांढरा शर्ट इस्त्रीचा, पायांत नव्या चपला. चपला ते दारातच काढायला लागले. रोशनीनं नको नको म्हटलं तरी काढल्याच. हातात पिशवी होती. प्रांजलनं माझी ओळख करून दिली तसा त्यांनी पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. "आज एकादस. म्हनून मासली नाय आनली. ताईंचा उपास असल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिथी नाय कलली तं होडी कशी काढनार?"

शैलेशनं खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रांजलकडे. नाकं अगदी एकसारखी होती. तो हसला आणि म्हणाला, "हे जिल्ह्यात तिसरे?"

सर केबिनच्या दारात आले. मनात त्यांनी कुणी चष्म्यातला तरुण धरला असावा. दोन क्षण ते रिकाम्या जिन्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्टर कोळी?"

"काशिराम बुधाजी."

"या. प्रांजल, तू पण ये. रमाताई, तुम्हीही बसा. मला यात फसवाफसवी नकोय."

केबिनचं दार लागलं. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. सरांच्या टेबलावर हॉलंडला पाठवायचा कागद होता, पाच ओळींचा. चार भरलेल्या.

"भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम तुम्ही लिहिलात?"

"लिवनं मना येत नाय. सही येतंय. लिवते ही. सांगतंय मी."

"ही म्हणजे?"

"माजी पोरगी."

सर प्रांजलकडे वळले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "प्रांजल, सोमवारी मी काय बोललो होतो?"

"माहीत आहे सर. म्हणूनच मी आले नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून बाबा आले."

"म्हणजे वडिलांच्या नावानं खातं उघडायचं, अकराशे दिवस भरायचे, आणि वेळ आली की म्हणायचं माझं आहे. शैलेशनं निदान स्वतःच्या नावावर तरी केलं."

प्रांजलचे कान लाल झाले. काशिरामांना अर्धं कळलं होतं. पण आवाजावरून पुरतं कळलं असावं, कारण त्यांनी गुडघ्यांवर ठेवलेले हात घट्ट धरले. त्या बोटांवर दोरीच्या जुन्या रेघा होत्या. बोलावं की बोलू नये, माझं ठरत नव्हतं. माझं काम चुका काढायचं. इथे चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नव्हतं.

"तीन वर्षांच्या वर झालं, एक दिवस नाही चुकला," सर लॅपटॉप पुढे ओढत म्हणाले. "माणूस आजारी पडतो, लग्नाकार्याला जातो. एक दिवस न चुकणारा फक्त प्रोग्रॅम असतो. मी स्वतः बघतो." आणि ते एकेक नोंद उघडत मागे जायला लागले. तारीख, वेळ, वारा. तारीख, वेळ, वारा. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या महिन्यांत होड्या वर ओढलेल्या, तरी वेळ, वारा. दोन वाजून पंधरा मिनिटं झाली. सरांचं बोट थांबलं.

"हे काय? गेल्या वर्षी अकरा, बारा, तेरा ऑगस्ट. 'पाहिलं नाही'. तीन दिवस नुसतं 'पाहिलं नाही'."

"बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं," प्रांजल म्हणाली. "आई त्यांच्यापाशी. मीही तिथेच. धक्क्यावर कुणी गेलं नाही."

"पण नोंद टाकली आहेस."

"पाहिलं नाही, हीच नोंद."

"प्रोग्रॅम तुझ्याकडे होता. त्या दिवसाची वेळ त्यानं काढून दिली असती. मिनिटाचा फरक पडला नसता. टाकायची होतीस, कुणाला कळणार होतं?"

प्रांजल काही म्हणणार तोच काशिराम म्हणाले, "सायेब, न बगता कसा सांगनार? तिनं इचारला व्हता मना दवाखान्यात. मी बोल्लो, लिव, नाय बगला. कुनी त्या वेलेवर होडी घातली आनी खडकावं गेली, तं नाव माजा हाय ना वर."

सरांनी लॅपटॉपवरचं बोट उचललं.

मी तेव्हा बोलले. "सर, शैलेशच्या फाइलमध्ये असा एकही दिवस नव्हता." याहून जास्त काही मला सुचलं नाही.

सरांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते समजलं नाही. "ठीक आहे. माणूस खरा आहे, हे मान्य. पण ही नोंद हिनंच केली कशावरून? उद्या हॉलंडवाल्यांनी मला विचारलं तर मी काय सांगू? करंज्यात आणखी कुणी लिहून देत असेल."

अडीच वाजले. काशिराम सारखे घड्याळाकडे बघत होते. सरांना वाटलं असेल परतीची एस.टी. मला माहीत होतं काय ते. पाणी फिरायची वेळ झाली होती आणि ते धक्क्यावर नव्हते. अकराशे एकोणसत्तर दिवस, आणि आज ते या केबिनमध्ये गार हवेत बसले होते.

दोन पस्तिसाला प्रांजलचा फोन वाजला. तिनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "घे."

या वेळी आवाज बाईचा होता, पण मोठा तितकाच. "परांजल, मी दमयंती." जशी काही आई ओळखू आली नसती. "पानी फिरला बग आत्ता. दोन पस्तीस. वारा वरचा. तुज्या बापाला सांग, मी दोन वाजल्यापासून उबी हाय. आनी साहेब काय बोल्ला?"

"नंतर सांगते आई."

"दोन पस्तीस लिव. चालीस नको लिवूस."

काशिरामांचे खांदे खाली आले. प्रांजलनं हात पुढे केला, "सर, लॅपटॉप?" सरांनी तो फिरवून तिच्यापुढे ठेवला. तिनं सात-आठ बटणं दाबली, काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहिल्या. माझ्या डोळ्यांदेखत काशिराम बुधाजी कोळी या नावासमोर आजचा चौकोन हिरवा झाला. काशिराम बुधाजी कोळी समोरच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले होते.

सर खूप वेळ त्या चौकोनाकडे बघत होते. मग त्यांनी पाच ओळींचा कागद पुढे घेतला. "प्रांजल, दहा मिनिटांत हे तुझ्या नावावर येऊ शकतं, बरोबर?"

"हो सर."

"मग कर. मी कागदावर तुझी लिंक टाकतो. यादी उद्या सकाळी बदलेल, तसं त्यांना कळवतो."

मला वाटलं, सुटलो. पण प्रांजलनं हात मांडीवर घेतले.

"ते नको, सर."

"अगं का? वडील समोर बसलेत. विचार त्यांना."

तिनं विचारलं नाही. सरांनीच विचारलं, "काका, तुमचं नाव काढून हिचं लावायचंय. तुमची हरकत आहे का?"

काशिराम म्हणाले, "माजी कसली हरकत. लावा." आणि मग प्रांजलकडे बघून, थोड्या हळू आवाजात, "होडी विकली का नाव पुसतान सायेब. आजून तं विकली नाय." क्षणभर थांबून त्यांनीच विचारलं, "दोगांचा नाय लावता येत?"

"रकाना एकच आहे, काका."

तीन वाजून गेले. प्रांजल खाली बघत म्हणाली, "सर, चार नावं पाठवा. मी पुण्याला बघते." तिचा आवाज कोरडा होता, रडका नाही. तिनं तो आधीच ठरवून आणला असावा.

सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पाचव्या ओळीत त्यांनी सावकाश लिहिलं, पूर्ण नाव, आपण शाळेच्या दाखल्यावर लिहितो तसं. प्रांजल काशिराम कोळी. आणि लिंकच्या रकान्यात वडिलांची लिंक. खाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. मला वाचून दाखवल्या. पाणी वडील बघतात, हिशेब वडिलांचा, प्रोग्रॅम मुलीचा, मी समोर बसून पाहिलं आहे. यादीच्या नियमात हे बसत नसेल तर चारच नावं धरावीत.

"हे चालेल?"

प्रांजलनं बापाकडे पाहिलं. ते म्हणाले, "सायेब बगून लिवलाय. चालंल."

चारला बारा मिनिटं कमी असताना तो कागद गेला. काशिरामांनी पायांत चपला घातल्या आणि साडेचारची एस.टी. गाठली. चहा घेतला नाही. माझ्यासारखाच त्यांचाही उपास होता, ते मला जाताना कळलं.

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगत नाही. सोमवारी दत्तजयंती होती. सकाळी देवळात गेले तेव्हा या वेळी मागणं सोपं होतं. ऑफिसात चौघांच्या होकाराचं पत्र बाराला आलं. पाचव्याबद्दल एक शब्द नाही. शैलेश आपलं टेबल आवरत होता. तो प्रांजलला म्हणाला, "पुण्यात माझा मित्र आहे, नंबर देऊ?" या वेळी त्यात टोमणा नव्हता. तिनं नंबर लिहून घेतला.

साडेतीनला सरांनी तिला आत बोलावलं. हॉलंडहून फोन होता, तिच्याशीच बोलायचं म्हणून. केबिनला काच आहे. मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि ती फोनला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, जुळवून जुळवून बोलायचं. वीस मिनिटं झाली. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही समजेना.

"काय म्हणाले?"

"ते तीन दिवस विचारले, ताई. ऑगस्टमधले. खोटी वेळ का नाही टाकली म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, बघितलं नव्हतं." तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. "ते म्हणाले, आमच्याकडे बंदरांतून वेळा येतात, त्यातल्या निम्म्या कुणी न बघता भरलेल्या असतात. एक जानेवारीपासून ये म्हणाले."

रोशनी टाळ्या वाजवायला लागली, मी तिला दटावलं. माझे डोळे भरले होते ते कुणाला दिसायला नको होते. शैलेशनं लांबूनच अंगठा दाखवला आणि खोका उचलून निघून गेला.

प्रांजलनं लगेच घरी फोन केला नाही. मी म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, "आता येईलच त्यांचा." आम्ही दोघी वाट बघत बसलो. पाचला पाच मिनिटं असताना वाजला.

"पोरी, पानी फिरला. चार पंचावन. वारा वरचा."

"बरं बाबा. बाबा, माझं नक्की झालं."

तिकडून वारा ऐकू येत होता.

"बरा झाला," काशिराम नाखवा म्हणाले. "लिवलंस का? चार पंचावन."